आठवं बटण

"केमिकल बाँडिंग? दोन तासांत तुमच्या डोक्यात शिवून टाकते," असं तिनं जाहीर केलं तेव्हा अकरावीच्या वर्गात कुणालाच नवल वाटलं नाही. तिला सगळे प्रोफेसर म्हणत. स्वतःला कळलेलं असो वा नसो, दुसऱ्याला समजावून सांगण्याची तिला जन्मजात हौस होती. सोमवारी चाचणी होती, म्हणून रविवारी दुपारी तिच्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानात दोन शिष्य हजर झाले. एक लंबू, ज्याची पँट दर सहा महिन्यांनी आखूड होई. दुसरी शंका, जिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नसे.

बाबा आत जेवायला बसले होते. मशीनजवळच्या बशीत आठ बटणं होती. शिंगाची, तपकिरी, अगदी एकसारखी. प्रोफेसरला मोह आवरला नाही.

"हे इलेक्ट्रॉन," म्हणत तिनं टेबलावर खडूनं दोन गोल काढले. "लंबू क्लोरीन. त्याच्या बाहेरच्या कक्षेत सात. शंका सोडियम. तिच्याकडे एकच. आठ झाले की अणू सुखी. त्याला म्हणतात अष्टक."

"मग लंबूनं मला सात द्यावेत," शंका म्हणाली.

"सात कोण देतं? त्यापेक्षा एक देणं सोपं. तू दे, त्यानं घ्यावा. झालं मीठ."

"आणि माझ्याकडे काय उरलं?"

"तुझ्या आतल्या कक्षेत आधीपासूनच आठ आहेत."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

शंकेची एखादी शंका विचारायची राहून गेल्याची ही पहिलीच नोंद. ती इतकी वरमली की तिनं मुकाट्यानं बटण लंबूच्या हातावर ठेवलं.

"हा परत कधी देणार?"

"दिलेला इलेक्ट्रॉन परत मागायचा नसतो," प्रोफेसरनं ठणकावलं.

लंबू आज्ञाधारक मुलगा. त्यानं बटण खिशात टाकलं. दुसऱ्या प्रकारचा बंध, इलेक्ट्रॉन वाटून घेण्याचा, प्रोफेसरला स्वतःलाच कळला नव्हता. म्हणून तो परीक्षेला येणार नाही असं तिनं सांगून टाकलं आणि बटणं बशीत भरली.

बाबा हात पुसत बाहेर आले, सुईत दोरा ओवला आणि बटणं मोजली. मग पुन्हा मोजली. बाबा कधी रागावत नसत, मोजत असत.

"सात कशी?"

प्रोफेसरनं लंबूकडे पाहिलं. ती बटणं ज्या कोटाला लावायची होती, तो या तिघांच्या केमिस्ट्रीच्या सरांचा होता. संध्याकाळी त्यांचा सत्कार होता आणि कोट न्यायला ते पाचला येणार होते. बटणं सरांच्या वारलेल्या वडिलांच्या जुन्या कोटावरून काढलेली होती. देताना सर म्हणाले होते, "कोट कसाही शिवा, पण बटणं सांभाळा."

"लंबू, बटण दे."

लंबूनं खिशात हात घातला. तो आत गेला तो गेलाच. खिशाला एवढं भोक होतं की त्यातून अख्खी आवर्तसारणी गळून पडली असती.

चिंध्यांचं पोतं उपसून झालं. मशीनचा पायडल उचकटून झाला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना सर आत आले, तेव्हा त्यांचे तीन विद्यार्थी टेबलाखाली रांगत होते.

"काय चाललंय?"

"अष्टक, सर," लंबू म्हणाला.

"वा. क्लोरीनकडे किती?"

"सात, सर. एक हरवलाय."

बाबांनी तोवर सात बटणं लावून ठेवलेला कोट सरांनी पाहिला. पुढची दोन होती, उजव्या बाहीवरची तीनही होती. डाव्या बाहीवर दोनच. "असू दे," ते म्हणाले. "बाहीकडे कोण बघतंय." पण त्यांचा अंगठा त्या मोकळ्या जागेवरून फिरत राहिला. प्रोफेसरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, बटणं मी घेतली होती. शिकवायला."

बाबा लंबूच्या पायांकडे बघत होते.

"जरा चालून दाखव रे."

"काका, मी पळून नाही जाणार."

"डावा पाय जड पडतोय."

ती पँट गेल्याच महिन्यात बाबांनी उसवून लांब केली होती. आपले टाके किती लांब लांब पडतात आणि मधल्या फटीतून दुमडीत काय शिरू शकतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाकून दुमडीचे दोन टाके कापले. टप्पकन बटण जमिनीवर पडलं.

पाच मिनिटांत ते बाहीवर होतं. सरांनी कोट घातला, पुढची बटणं लावली आणि उगीचच खाकरले.

"काका," शंकेला राहवलं नाही, "बटण नक्की कुठल्या बाजूचं? शिवलंय त्या, की काज आहे त्या?"

"दोन्ही बाजूंचं," बाबा म्हणाले. "एकीचंच असतं तर कोट बंद कसा झाला असता?"

प्रोफेसरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोघांत मिळून एक! वाटून घेणं म्हणजे हे!

चाचणीत प्रश्न आला, मीठ कसं बनतं. लंबूनं दोन ओळींत लिहिलं, पास झाला. शंकेनं उत्तर लिहून खाली सरांनाच तीन प्रश्न विचारले, तीही पास झाली. प्रोफेसरनं बटण, काज आणि दोघांत मिळून एक इलेक्ट्रॉन यांवर दीड पान लिहिलं. त्यावर लाल शाईत शेरा आला: "मिठात एक देतो, दुसरा घेतो. हा कोट झाला. शून्य."

बाबांनी चष्मा लावून तो शेरा दोनदा वाचला.

"मग," ते म्हणाले, "कोटाचे तरी मार्क द्यायचे होते."