सुमनआत्यांचं तूस

सुमनआत्या एसटीत चढल्या की आधी तुसाच्या पोत्याला खिडकीशी बसवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. कंडक्टर ओरडला की म्हणायच्या, "त्याचं तिकीट फाडलंय न्हवं? मग बसू दे. तुज्यापरास कामाचं हाय ते."

आत्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होत्या. निवृत्त झाल्या आणि तुसाच्या नादी लागल्या. भाटघरकडच्या भातगिरणीतून तूस आणायचं, अंगणात झाकून धुमसत ठेवायचं, त्याचा कोळसा झाला की पोत्यांत भरून ओढ्यात आडवा लावायचा. नसरापूरजवळ, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, लोखंडाला चकचकीत मुलामा देणारा कारखाना आला आणि ओढा हळदीसारखा पिवळा वाहू लागला, तेव्हापासूनचा हा उद्योग. जळकं तूस पाण्यातला विषारी धातू धरून ठेवतं, असं त्यांना कुणा प्राध्यापकांनी सांगितलं होतं.

"समदा न्हाई धरत," हेही त्याच सांगायच्या. "पर ह्या कारखानवाल्यांवानी हात झटकून तरी बसत न्हाई."

पाणी आमचंच कशावरून, असं कारखान्याचा मॅनेजर म्हणाला. आत्यांनी त्याची गाडी अडवली. "मग काढ तो पांढरा शर्ट, आन् धू वड्यात!" त्याने काच वर केली.

खरा संताप पुढेच आहे. धातूने भरलेली पोती टेम्पोत घालून आम्ही सरकारी कार्यालयात नेली. साहेब दचकलेच. "हा घातक कचरा आहे. असा बाळगता येत नाही. गुन्हा दाखल होईल."

"कुनावर?"

"ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर."

पंचवीस वर्षं मी मास्तरकी केली, पण असलं उत्तर वर्गातल्या एकाही ढ पोराने दिलेलं नाही. आत्या टेबलावर वाकल्या. "म्हंजी वतनारा मोकळा, आन् येचनारी गुन्हेगार?" साहेबांनी चष्मा पुसला. टेम्पो परत आला.

शेवटी गावातल्या बायका कारखान्याच्या फाटकात जाऊन बसल्या, दोन दिवस हलल्या नाहीत. मग कुठे मालकाने पाणी शुद्ध करायची टाकी बांधली. ओढ्याचा पिवळेपणा गेला. पोती मात्र कुणीच नेली नाहीत. विचारलं की आत्या म्हणायच्या, "हायती जागंवर."

परवा त्यांना ताप आला म्हणून पेज घेऊन गेलो. आत्या पडवीत खाटेवर होत्या. चूल, भांडी, कपड्यांची दोरी, सगळं पडवीतच. घराच्या एकुलत्या एका खोलीला कुलूप. फटीतून पाहिलं, तर आत झाकणं घट्ट लावलेली प्लास्टिकची पिंपं, आढ्यापर्यंत रचलेली. पोत्यांतलं सगळं तूस त्यांत.

"आत्या, कधीपासून बाहेर राहताय?"

"दोन पावसाळं झालं."

"अहो, लांब कुठे तरी पुरायचं होतं."

"कुठं पुरू, सर? जिकडं बगावं तिकडं कुनाची तरी पोरं खेळत्यात." त्यांनी पेजेची वाटी दोन्ही हातांत धरली. "ह्या खोलीत कोन यायचंय खेळायला?"