मनोरच्या शिंप्याची गाठ

बाळंतिणींच्या वॉर्डात महिना काढायचा आणि एकही बाळंतपण बघायचं नाही, अशी माझी योजना होती. ती मी तडीस नेणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी हुशार विद्यार्थी होतो!

साल सत्त्याऐंशी. पालघरला आमचं नर्सिंगचं कॉलेज. तोवर आमच्याकडे मुलग्यांना प्रसूतीच्या शिक्षणातून सूट असे. आमच्या वर्षापासून ती काढून घेतली. ही बातमी ऐकताना वर्गातले आम्ही मोजके मुलगे टोपलीतल्या बोंबलांसारखे एकमेकांना चिकटलो होतो आणि मुली तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

माझी रवानगी झाली बोईसरजवळच्या एका दवाखान्यात. पहिल्या सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं आणि समस्त बायकांनी एकसाथ चादरी डोक्यावरून ओढल्या. क्षणभर वाटलं, चुकून शवागारात आलो! मग एका चादरीतून आवाज आला, "भाऊ, तेवढा पंखा वाढवा." एकीचा नवरा तारापूरच्या कारखान्यात कामाला होता. तो म्हणाला, "भैया, ये बल्ब कब से बंद है, देखो जरा!"

पांढऱ्या कपड्यातला पुरुष म्हणजे वायरमन, हे एकदाचं ठरलं. मला तेच हवं होतं! मी पंखे पुसले, बल्ब बदलले, ऑक्सिजनची सिलिंडरं ढकलली. कुणी कण्हू लागलं की मला गच्चीवरच्या टाकीची आठवण व्हायची. महिन्याभरात त्या टाकीइतकी स्वच्छ टाकी अख्ख्या तालुक्यात नव्हती.

हे सगळं सिस्टर डाबरे बघत होत्या. सिस्टर वसईच्या, उंचीनं बेताच्या, आवाजानं दुमजली. त्यांचा एकच मंत्र होता : "धुतलेला हात कमरेखाली गेला की तो हात मेला!" हातमोजे चढवले की हात छातीसमोर धरायचे. नाक खाजलं तरी नाही, चष्मा घसरला तरी नाही, भूकंप झाला तरी नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी मला शिडीवर गाठलं.

"शांताराम, उतर. पंखे झाले. आज तुझ्या हातून एक बाळ आलं नाही, तर वर्ष पुन्हा. आणि हाच वॉर्ड पुन्हा!"

माझे वडील मनोरला शिंपी. गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप टाकला की माप घेण्याआधी 'पोरगा यंदा पास होतोय' हे सांगायचे, आणि टेप गळ्यात असल्यामुळे गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं. लेबररूममध्ये घालायचा माझा हिरवा पायजमासुद्धा त्यांनीच शिवला होता. नाडी अशी भक्कम, की तिच्यावर बैल बांधावा.

"पण सिस्टर, बायका मला जवळ येऊ देत नाहीत."

"बायकांचं मी बघते. तू बाळाचं बघ!"

तेवढ्यात चिंचणीहून मासळीचा टेम्पो येऊन थांबला. त्यातून नलू उतरली, पहिलटकरीण, आणि तिच्यामागे तिची सासू गोदूबाई. मी हात धुऊन, गाऊन चढवून, हातमोजे घालून उभा राहिलो. गोदूबाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"ह्यो बाप्या हितं कशाला? पंख्याचं मागनं कर म्हनावं!"

"मावशी, तो नर्सिंग शिकतोय," सिस्टर म्हणाल्या.

"बाप्या आन नर्स? आमचे बाप्ये दर्यात जातात. ह्याला बोट लागते काय?"

"आये!" टेबलावरून नलू किंचाळली. "बाप्या असू दे नायतर बोकड असू दे, माजी सुटका करा!"

बोकडाच्या पंक्तीत का होईना, मला प्रवेश मिळाला.

पण बाळ काही येईना. डोकं दिसायचं आणि परत मागे जायचं. माझ्यासारखंच, योजना आखून बसलेलं! "ठोके उत्तम आहेत. थोडा दम धरा," सिस्टर म्हणाल्या. गोदूबाईला दम नव्हता.

"कुटंतरी गाठ ऱ्हायलीय!" तिनं जाहीर केलं.

त्यांच्या वाड्यात बाई अडली की घरात गाठ म्हणून ठेवत नाहीत. कुलपं उघडतात, वेण्या सोडतात, गाठोडी सोडतात. सगळं मोकळं झालं की बाळही मोकळं होतं, असा हिशेब. गोदूबाई कामाला लागली. नलूची वेणी सुटली. मंजुळा आयाचा अंबाडा सुटला. कपाटाचं कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या. वॉर्डाकडच्या पडद्याची दोरी सोडली, तो पडदा खाली आला. मग ती निर्जंतुक सामानाच्या ड्रमकडे वळली.

"त्याला हात लावलात तर बाहेर काढीन!" सिस्टर गरजल्या.

"मंग पोर आत ऱ्हाईल!"

"राहू दे!"

"सिस्टर!!" नलू ओरडली.

शेवटी तोडगा म्हणून सिस्टरांनी माझ्या गाऊनचे पाठीमागचे बंद देऊ केले. "पाठीची बाजू निर्जंतुक नसतेच," त्या म्हणाल्या. बंद सुटले, पाठीला गार वारा लागला. बाळ जागचं हललं नाही. गोदूबाईची नजर खोलीभर फिरली आणि माझ्या कमरेवर येऊन थांबली.

"नाडी!"

"मावशी, शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर..."

"सोड!"

माझे हात आपोआप खाली निघाले.

"शांताराम! हात वर!"

"सिस्टर, ही माझी नाडी..."

"कमरेखालचं माझ्या अखत्यारीत येत नाही! हात वर!!"

"तुजे हात ऱ्हाऊ दे, मी सोडते," म्हणत गोदूबाई मागून आली. मी निश्चिंत होतो. मनोरच्या शिंप्याची गाठ होती ती! पण म्हातारीचा जन्म जाळ्यांच्या गाठी सोडण्यात गेला होता, हे मी विसरलो. एकच हिसका!

मी गुडघे आवळले. माझा चेहरा पाहून नलू, इतका वेळ कळांनी बेजार झालेली नलू, खदाखदा हसू लागली. हसता हसता जोराची कळ आली, आणि एकाच क्षणी दोन गोष्टी घसरल्या. धरता एकच येणार होती.

मी बाळ धरलं.

पडदा गोदूबाईनं पाडलेलाच होता. मागे वॉर्डात, महिनाभर मला पाहून चादर ओढणाऱ्या बायकांनी एकसाथ चादरी खाली केल्या. काहीजणी तर उशा घेऊन उठून बसल्या!

"मुलगी," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "रडली छान. आता नाळ बांध. दोन गाठी."

"बांद आता, किती बी बांद!" गोदूबाई म्हणाली आणि आनंदाने तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. पाठ उघडीच होती.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "पायजमा गेला, पण हात कमरेखाली नेला नाहीस. पास!" आपल्याला हात आहेत हेच मी विसरून गेलो होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सुटलो, आता पुन्हा या वॉर्डाचं तोंड बघायचं नाही, असं ठरवून मी दुसऱ्या सकाळी ट्रंक उचलली. फाटकात दांडी गावचा टेम्पो उभा होता. आत एक बाई कण्हत होती आणि तिची सासू सिस्टरांना विचारत होती, "चिंचनीच्या गोदूबाईनं सांगितलेला तो नाडीवाला पोऱ्या हाय काय? नसंल तर आमी ऱ्हातो टेम्पोतच!"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक खाली ठेवली.

ती अजून तिथेच आहे. आज मी याच विभागात शिकवतो, माझे विद्यार्थी मला सर म्हणतात आणि माझा पायजमा इलॅस्टिकचा असतो. फक्त त्यावर एक खोटी नाडी बांधून ठेवावी लागते. सोडायला.