उजवीकडच्याला आधी

विमानाच्या पोटातील वीज कोणी वाटावी, या एका प्रश्नावरून हेनिंग ब्रोडरसन आणि ऊवे स्टेफेन्स यांचा वाद गेली नऊ वर्षे चालू होता. हॅम्बुर्ग शहरी विमानांच्या एका कारखान्यात दोघांची टेबले समोरासमोर होती, आणि वादात खंड पडलाच तर तो कॉफी पिण्यापुरता. ऊवे यांचे म्हणणे असे की, विजेचा सर्व कारभार एका मुख्य पेटीच्या हाती असावा. ती सांगेल त्या यंत्राने चालू व्हावे, ती सांगेल त्याने बंद. हेनिंग यांना ही हुकूमशाही मान्य नव्हती. प्रत्येक यंत्राने आपल्या शेजाऱ्याशी बोलावे आणि सर्वांनी सामोपचाराने वीज वाटून घ्यावी, असे त्यांचे मत होते.

"एकच डोकं असलं ना ऊवे, की ते दुखलं म्हणजे सगळं अंग आडवं," हेनिंग म्हणत.

"आणि डोकंच नसलं म्हणजे?" ऊवे कॉफी ढवळत विचारत.

या वादाचा निकाल त्या शुक्रवारी अकरा वाजता लागावयाचा होता. विभागप्रमुख फ्राउ डॉक्टर ल्यूर्स, म्हणजे डॉक्टर ल्यूर्सबाई, आणि सुरक्षा विभागाचे हेर क्वास्ट, म्हणजे श्रीयुत क्वास्ट, जातीने प्रयोगशाळेत येणार होते. हेनिंग यांचे जाळे पसंत पडले तर ते विमानात जाणार. न पडले तर नऊ वर्षांचे काम तळघरात, आणि स्वतः हेनिंग माहितीपुस्तिका तपासण्याच्या खोलीत. त्या खोलीतून आजवर माणसे केवळ निवृत्त होऊनच बाहेर पडली होती.

प्रयोगशाळेत विमानातले स्वयंपाकघर हुबेहूब उभारले होते. भट्टी, कॉफीयंत्र, पाण्याचा बंब आणि फ्रीज अशी चार यंत्रे गोलाकार जोडलेली होती. चालू होताना प्रत्येक यंत्र विजेचा मोठा घोट घेते, म्हणून एका वेळी एकानेच चालू व्हावयाचे. मग दोघांनी एकदम वीज मागितली तर आधी कोणी घ्यावी? येथे हेनिंग यांनी डोके फारसे शिणवले नव्हते. ज्या चौकात सिग्नलचा दिवा नाही, पाटी नाही, तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हे त्या देशात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तोच नियम त्यांनी चारही यंत्रांना शिकवला आणि शंभर वेळा तपासून पाहिला. शिस्तीचा मनुष्य असल्यामुळे शंभरही वेळा त्यांनी यंत्रे एकेक करून चालू केली होती.

"मोइन!" असा तिकडचा रामराम करत फ्राउ डॉक्टर आत आल्या. मागोमाग हेर क्वास्ट. कँटीनच्या फ्राउ ओल्टमान भट्टीत दालचिनीचे पाव ठेवून हात पुसत उभ्या होत्या. पाहुण्यांना पाव आणि कॉफी याच यंत्रांतून मिळणार होती.

"चला, होऊ द्या सुरू," फ्राउ डॉक्टर म्हणाल्या.

हेनिंग यांनी मुख्य खटका दाबला. चारही यंत्रे एकाच क्षणी जागी झाली. चौघांनी आपापल्या उजवीकडे पाहिले. उजवीकडचा तयारच होता. चौघे थांबले.

चार पिवळे दिवे लागले. एक मिनिट गेले, दुसरे गेले.

"बिघडलंय का काही?"

"नाही, फ्राउ डॉक्टर," हेनिंग घाम पुसत म्हणाले. "सगळी नियम पाळतायत."

"अस्सल आपल्या मातीतली यंत्रं आहेत रे तुझी," ऊवे म्हणाले. "उपाशी मरतील, पण नियम मोडायची नाहीत."

हेर क्वास्ट यांनी चष्मा वर सरकवला. "चारी बाजूंनी गाड्या एकदम आल्या तर काय करायचं, हे परवान्याच्या परीक्षेत विचारतात. एकानं आपला हक्क सोडायचा आणि हातानं खूण करायची."

"यंत्रांना हात कुठायत?" हेनिंग म्हणाले.

"मग द्या की!" फ्राउ डॉक्टर म्हणाल्या.

हेनिंग यांनी संगणकावर नवा नियम लिहिला. दहा सेकंद वाट पाहूनही कोणी हलले नाही तर आपला हक्क सोडावा आणि डावीकडच्या शेजाऱ्याला 'आपण व्हा पुढे' असे कळवावे. पुन्हा खटका दाबला. दहा सेकंद गेले आणि दिवे निळे झाले.

"निळा म्हणजे?" फ्राउ डॉक्टरांनी विचारले.

"हक्क सोडला."

"कोणी?"

हेनिंग यांनी चारही दिव्यांकडे बोट दाखवले. "चौघांनी."

प्रत्येकाला शेजाऱ्याने पुढे होण्यास सांगितले होते. म्हणून चौघेही पुढे सरसावले, बाकीचे सरसावलेले पाहून ओशाळले आणि पुन्हा थांबले. निळे, पिवळे, निळे, पिवळे.

"नाताळची रोषणाई छान आहे," ऊवे म्हणाले खरे, परंतु त्यांनाही हसू येईना. समोरचे टेबल रिकामे झाले तर उद्यापासून भांडावयाचे कोणाशी?

"अहो ब्रोडरसन," फ्राउ ओल्टमान न राहवून म्हणाल्या, "माझ्या पावांचं काय व्हायचं ते होऊ दे, पण चौघांनाही दहाच सेकंद का?"

"समान न्याय म्हणून."

"तिथंच घोडं अडलंय! माझ्याकडं वाढायला चार बायका आहेत. चौघी सारख्याच गुणाच्या असत्या, तर जेवला असता तुम्ही! एक तरी उतावीळ लागते, 'जा गं बाई तू आधी' म्हणणारी."

"तुमच्याकडं कोण आहे तशी?"

"मी कोण मग?"

हेनिंग यांनी निमूटपणे कॉफीयंत्राचा धीर दोन सेकंदांवर आणला. खटका दाबला. दोनच सेकंदांत कॉफीयंत्र कंटाळले आणि त्याने भट्टीला पुढे केले. भट्टीमागून बंब, बंबामागून फ्रीज, आणि सर्वांआधी वाट सोडणारे कॉफीयंत्र सर्वांच्या शेवटी समाधानाने गुरगुरू लागले. पावांचा वास दरवळला.

"सोमवारी कळवते," फ्राउ डॉक्टर पाव खात म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

शुक्रवारी ठीक दोन वाजता कारखाना सुटतो आणि त्यानंतर तेथे कोणी क्षणभरही रेंगाळत नाही. परिणामी दोन वाजून चार मिनिटांनी फाटकाबाहेरच्या चौकात चार गाड्या चार बाजूंनी एकदम येऊन उभ्या राहिल्या. हेनिंग, ऊवे, फ्राउ डॉक्टर आणि हेर क्वास्ट. चौघांनी उजवीकडे पाहिले. चौघे थांबले. मग चौघांनी एकाच वेळी हात हलवला, चौघे वीतभर पुढे आले आणि चौघांनी ब्रेक दाबले.

"तीन अर्ज केलेत मी, इथं दिवा बसवा म्हणून!" ऊवे खिडकीतून ओरडले.

इतक्यात फ्राउ ओल्टमान सायकलवरून आल्या. त्यांनी दोन सेकंद वाट पाहिली, घंटी वाजवली आणि चौघांच्या मधून सरळ निघून गेल्या.

फ्राउ डॉक्टर त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी काच खाली केली.

"ब्रोडरसन! सोमवारची वाट नका बघू. तुमचं जाळं मंजूर. फक्त दर विमानात एक फ्राउ ओल्टमान असू द्या!"

हेनिंग यांना इतका आनंद झाला की, त्यांनी मोठ्या मनाने ऊवे यांना खूण केली, "जा रे, तू आधी!" दुर्दैवाने त्याच क्षणी ऊवे यांनीही, मित्राचे अभिनंदन म्हणून, त्यांना तीच खूण केली होती.

उरलेले दोघे सभ्यपणे वाट पाहत थांबले.