चांदूर बाजार मुक्कामी प्लेअर रेडिओस जोडिला त्याची हकीकत

शके अठराशे अठ्ठ्याऐंशी, अधिक श्रावण मासी, चांदूर बाजार मुक्कामी राजश्री पंजाबराव यांनी प्लेअर रेडिओस जोडिला, तबकडी वाजली, मोठी फत्ते जाहली, पेढे वाटिले. परंतु हे वर्तमान वाचणाराने तूर्त मनातून काढावे. तबकडी वाजली नाही, पेढे कोणी खाल्ले नाहीत, आणि ज्यांनी खाल्ले त्यांनी तोंड पुसून बसावे. कारण आरंभाआधी अखेर होणे शिरस्त्यास सोडून आहे.

तर आरंभ ऐसा. पंजाबराव काळ्या रानाचे धनी, कपाशीचे कास्तकार. त्यांचे दौलतीत बैल होते, विहीर होती, परंतु जीव होता तो रेडिओत. भरतकामाचा रुमाल पांघरून तो फळीवर विराजमान असे, आणि रोज सांजेस त्यातून कापसाचे भाव निघत, तेव्हा पंजाबराव खासे हाताने बटण फिरवीत, मग सारी आळी ओसरीवर हजर होई, आणि पाटीलसुद्धा त्यांचे परवानगीवाचून खोकत नसत.

मग धोंड्याचा महिना लागला आणि जावयास वाण देणे प्राप्त जाहले. अकोल्याचे जुने शहर येथील जावई चंद्रभान यांनी कन्या जमुनेकरवी सूचना पाठविली की, ताट-तांबे पुष्कळ साठले, यंदा प्लेअर द्यावा. मग पंजाबरावांनी अमरावतीवर स्वारी करून प्लेअर आणिला. त्या पेटीस स्वतःचा आवाज नव्हता. तारेने रेडिओस जोडावी, तेव्हा ती रेडिओचे तोंडून गाते. वाणाचे दिवशी चंद्रभान जमुनेसह हजर जाहले आणि बोलिले की, अकोल्यास रेडिओ पुढेमागे घेऊ, आज येथेच वाजवून पाहू.

मग धोंडे जेवून जावई कंबर बांधून उठले, रेडिओ फळीवरून उतरविला, रुमाल दूर केला, आणि तारेची दोन टोके एरियलचे भोकांत घातली. ठिकाण चुकीचे. पंजाबरावांस हे ठाऊक होते, परंतु धोंड्याचे महिन्यात जावई चुकत नसतो, सबब ते तंबाखू मळीत बसले. रेडिओतून खरखर निघाली. टोके उलटी केली, सुलटी केली, प्लेअरास थापट दिली, तरी खरखर हटेना. इकडे भावाची वेळ जवळ आली, आळी जमा जाहली. सासूबाई कौशल्याबाईंनी जावयास सरबत पाजिले, तेही वाया गेले. अखेर चंद्रभान घाम पुसून वदले, "मामाजी, राग नोका मानू, पन तुमच्या रेड्योचाच घसा बसला."

आळीसमक्ष हा शब्द! पंजाबरावांचे हातची तंबाखू सांडली.

"आमच्या रेड्योचा? कावून बसन? सरका बाजूले!"

ऐसा हुकूम फर्मावून, जावयाचा मुलाहिजा मोडून, त्यांनी टोके उपटिली आणि खालचे, प्लेअराकरिता राखिलेले भोकांत खुपसिली, मग बटण तबकडीचे खुणेवर फिरविले, आणि सनई अशी कडाडली की गोठ्यात बैलाने दावे तोडिले, आणि पाटील परवानगीवाचून खोकले. आता मागील पेढे खाण्यास हरकत नाही.

मग कौशल्याबाई निरांजन घेऊन आल्या, वाणास हळदकुंकू वाहिले. आणि तारेने दोन्ही पेट्या एक जाहल्या होत्या, सबब रेडिओसही वाहिले, मग दोहोंस ओवाळिले.

"आवं, थो आपला हाये!" पंजाबराव ओरडले.

कौशल्याबाईंनी कुंकवाचे बोट वर करून निवाडा दिला, "ओवायलेलं वान कोनी माघारी ठेवते काय? पोरीचं नाव खराब करता!"

पोरीने रुमालाची घडी केव्हाच पिशवीत घातली होती.

दुसरे दिवशी रेडिओ जावयाचे मांडीवर बसून मोटारीने अकोल्याकडे कूच करिता जाहला. सांजेस आळी सवयीने ओसरीवर जमली. पंजाबरावांनी सवयीने फळीकडे हात नेला, मग तो डोईवरून फिरवून खाली घेतला. पाटील मनमुराद खोकत बसले.

येणेप्रमाणे विजय नोंदिला असे. सबब नभोवाणी खात्यास पंजाबरावांची नम्र विनंती की, कापसाचे भाव सांजेस अंमळ मोठ्याने वाचण्याचा हुकूम व्हावा, म्हणजे अकोल्यास लाविलेला रेडिओ चांदूर बाजारास ऐकू येईल.