घाटगे सरांची पट्टी

आमच्या वरच्या मजल्यावरचे घाटगे सर कोळंबी खात नाहीत. फक्त तिची टरफलं आणतात. दर रविवारी, मासळी बाजारातून, पिशवीभर. मग गच्चीवर पातेलं चढतं आणि शिवाजी पेठेतली आमची अख्खी गल्ली खिडक्या लावून घेते.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. ह्यांनी हे काढलं. टरफलं आम्लात धुवायची, कॉस्टिक सोड्यात उकळायची, उरलेली पूड व्हिनेगरात विरघळवायची आणि त्या चिकट पाण्यात सुती कापड बुडवून वाळत घालायचं.

"कायटोसान म्हणत्यात ह्या पुडीला. रक्त थांबवतंय. पट्टी जखमेला चिकटाय नको, एवढंच अजून जमंना. कापूस हुशार हाय ओ, त्येला फक्त वळण लावाय पायजे."

वळण लावायला त्यांनी दोरीवरची माझी दोन बनियनं कापली. भांडायला गेलो तर म्हणाले, "वापरलेला कापूस मऊ असतोय की!"

आमच्या घरात कुणी 'आई गं' म्हटलं की सर दारात हजर. "रक्त आलं?"

"नाही सर, ठेच लागली."

"असं व्हय," म्हणत तोंड पाडून परत वर. बायको म्हणते, हा माणूस एक दिवस आपल्याला मुद्दाम पाडणार.

मागच्या महिन्यात मी आपणहूनच पडलो. स्कूटर घसरली, गुडघा सोलला. दवाखान्यातली पट्टी दोन दिवसांत जखमेला घट्ट चिकटली. ती ओढणार, इतक्यात सर आले. मी ओरडलोच, "सर, तुमचं कोळंबीचं काही नको!"

"येडं का काय? तपासण्या झाल्याबिगर माणसाला लावायची न्हाय ती."

त्यांनी उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी मागवलं, फरशीवर बसले आणि पट्टीवर थेंब थेंब सोडू लागले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मी वैतागलो. "ओढा की एकदाचं!"

सरांनी वर पाहिलं नाही. "आमची मंडळी, मंदा, शेवटचे आठ महिने अंथरुणावर हुती. टाचांना जखमा. रोज पट्टी मीच काढायचो. एकदा वरडली न्हाय ओ. माझ्याकडं बघून हसायची."

पट्टीची कड हळूच सुटली.

"दुखतंय?"

"छे, अजिबात नाही," मी हसत म्हणालो.

सरांचा हात थांबला.

"हसू नका," ते म्हणाले. "खरं सांगा."