आडलेला आवाज

इमाममिस्त्री माणसाच्या तोंडाकडं बघून बोलत नसत. समोरचा बोलायला लागला, की ते मान वळवून डावा कान पुढं करत आणि डोळे मिटून घेत. नवख्या माणसाला वाटे, याला आपलं थोबाड आवडलेलं दिसत नाही. पण मिस्त्री ऐकत असत. बोलणं नव्हे, आवाज! "पट्टा सैल झालाय तुमचा," असं ते गिरणीवाल्याला चौकातूनच ओरडून सांगत, आणि पट्टा खरोखर सैल निघे. एकदा आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली, तर मिस्त्री म्हणाले, "एकटेच काय ऐकताय? मला द्या की जरा." स्वतःची छाती चांगली पाच मिनिटं ऐकून त्यांनी नळी परत केली. "डावीकडं घरघर हाय. बाकी मशीन ठीक."

शिरूरच्या पेठेत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि मी शेजारच्या दवाखान्यात कंपौंडर. साठ सालानंतरच्या त्या दिवसांत गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत रेडिओ असलेली एकच, आमच्या डॉक्टरांची. रोज सकाळी सहाला डॉक्टर खेड्यांतल्या रोग्यांकडे निघत. शेजारी औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी, आणि रेडिओवर भजनं.

त्या वर्षी थंडी कडक पडली आणि रेडिओ मुका झाला. दिवा लागे, आत खरखर होई, पण गाणं नाही. दहाला उन्हं चढली, की आपोआप गायला लागे. मिस्त्रींच्या दुकानात दुपारी नेला, की अगदी ठणठणीत.

"जाऊ द्या मिस्त्री," डॉक्टर म्हणाले. "दहानंतर बोलतोय ना? पुष्कळ झालं."

मिस्त्रींना ते लागलं. "तुमी रोग्याला असं सांगता का वो? आवाज कुठं जात न्हाई, डॉक्टरसाहेब. आडतो. कुठं आडला, ते हुडकायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आलो, तर कानटोपी आणि घोंगडी घेतलेले मिस्त्री गाडीत आधीच बसलेले. "रोग थंडीत येतो, तर वैद्यानंबी थंडीतच यायला पाहिजे," म्हणाले. दात वाजत होते, पण स्क्रू ड्रायव्हर धरलेला हात हलत नव्हता.

पहिला संशय बॅटरीवर. गारठ्यात ती ढिली पडते. एका ट्रकची दणकट बॅटरी आणून जोडली. आवाज नाही. मग एरियल बदलली. नाही. आतले व्हॉल्व्ह एकेक काढून दुसरे बसवले. नाही. भोंग्याचा कागद दवानं ओला होत असेल म्हणून तो शेगडीवर पापडासारखा शेकला. तरीही नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी दवाखान्यातली गरम पाण्याची पिशवी मागून नेली. पोट दुखतंय म्हणून आलेला एक रोगी बाकावर कण्हत राहिला आणि पिशवी बाहेर रेडिओच्या पोटावर! पण तीन मिनिटांत भजन सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मिस्त्री मात्र नाराज. "शेकल्यावर सगळीच पेटी ऊन झाली. कुठं दुखतंय ते कुठं कळलं? ऊब पसरती, कंपौंडर. गारठा एका जागी ठेवता येतो."

त्या दुपारी दौंडच्या एस.टी.च्या टपावरून गोणपाटात, भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी उतरली. भर थंडीत लादी दवाखान्याकडे चाललेली बघून पेठ गप्प झाली. बर्फ यायचा तो एकाच कामाला. हातगाडीमागं चारपाच माणसं टोप्या काढून चालू लागली. इनामगावचे तात्याबा पुढं झाले. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "कोण गेलं, मिस्त्री?"

"आवाज," मिस्त्री म्हणाले.

"व्हय व्हय, कवा?"

"पंधरा दिस झालं."

तात्याबा दोन पावलं मागं सरकले.

दवाखान्यातल्या रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरून मिस्त्रींनी तो रेडिओच्या आत एकेका जागी टेकवायला सुरुवात केली. एका जागी टेकवायचा, शंभरापर्यंत म्हणायचं, उचलायचा. गाणं चालूच. बोटं निळी पडली. डॉक्टर तीनदा येऊन "पुरे आता" म्हणून गेले. आठव्या की नवव्या जागी, भोंग्याकडं जाणाऱ्या तारेच्या कथलाच्या टाक्यापाशी मोजा टेकला आणि गाणं कापल्यासारखं तुटलं. मिस्त्रींनी मोजा उचलून तोंडानं तिथं वाफ सोडली, "हाऽऽ". गाणं आलं. पुन्हा बर्फ, गाणं गेलं.

"टाका कच्चा हाय," ते हळूच म्हणाले. "गारठ्यानं आखडतो आन् सुटतो."

जुना टाका काढून त्यांनी नवा घातला, आणि उरलेली सगळी लादी रेडिओला टेकवून ठेवली. तो बर्फात बसून खुशाल गात राहिला.

डॉक्टर खूश झाले. "मिस्त्री, बोला, काय पाहिजे?"

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिले. "उद्या सकाळी आमच्या घरावरनं जाताना काच खाली ठेवा. जमलं तर जरा सावकाश जावा."

त्यांची बायको, हमीदाबी, दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. डावं अंग लुळं पडलेलं. इंजेक्शनं डॉक्टरांनीच दिली होती, आणि आता अधिक काही होणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून त्या घरी आमची फेरी झाली नव्हती.

"पण तुमच्याकडे इतके रेडिओ," मी म्हणालो, "एक घरी ठेवायचा."

"ठेवला हुता की उशाला. बंद करा म्हणाली. त्यो जागचा हलत न्हाई ना. तुमचा लांबनं येतो, जवळ जवळ येतो. कुणीतरी आपल्याकडं निघालंय, असं वाटतं तिला. थंडी पडल्यापास्नं रोज इचारती, आज कुणीच आलं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही काचा खाली. वारा कानात सुयांसारखा शिरत होता. मिस्त्रींची गल्ली आली, तसा डॉक्टरांनी आवाज वाढवला आणि गाडी पायी चालल्यासारखी सोडली.

खिडकीला लागूनच खाट होती. मिस्त्रींनी हमीदाबींना पाठीमागून धरून बसतं केलं होतं. गाडी समोर आली, तसा हमीदाबींनी उजवा हात उचलला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. दारात पाहुणा आल्यावर बाई करते तसा.

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. रेडिओ चालूच ठेवला, आणि आम्ही दोघं उतरून आत गेलो.