पार्किंगमधले ढोबळे

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत दोन गाड्या एकमेकींना घासल्या की सगळे वाकून बंपर बघतात. एकटे ढोबळे गाडीत डोकं घालून आत बसलेल्यांना विचारतात, "मान वळवा बघू. डावीकडे. आता उजवीकडे. हाताला मुंग्या येतात?" चूक कोणाची, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मालक पत्र्यासाठी हळहळू लागला तर म्हणतात, "पत्रा ठोकून सरळ होतो, शेठ. मान ठोकता येत नाही."

ढोबळे चाकणच्या एका कंपनीच्या, पत्रे दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपमधून निवृत्त झाले. तेव्हापासून खालच्या पार्किंगमध्ये त्यांची प्लास्टिकची खुर्ची आणि गळ्यात शिट्टी. त्यांना कोणी नेमलेलं नाही. त्यामुळे काढताही येत नाही. मी मीटिंगमध्ये दोनदा प्रयत्न करून पाहिला. गाडी धुवायला नळापर्यंत न्यायची असली तरी सीटबेल्टसाठी शिट्टी वाजणार. "पट्टा!"

"अहो, वीस फूट जायचंय."

"वीस फुटांतच लागतं. रस्त्यावर माणूस जागा असतो. इथं तो मनानं घरी पोचलेला असतो."

माण गावच्या कंपनीत नोकरीला जाणारा एक पोरगा रॅम्पवरच पट्टा सोडायचा. ढोबळेंनी त्याला आठवडाभर रोज मागे पाठवलं. "पुन्हा या." आता तो इंजिन बंद करून काच खाली घेतो आणि विचारतो, "काका, सोडू?"

माझं त्यांच्याशी वाकडं आहे ते वेगळ्याच कारणानं. मी एका वेल्डिंग मशीनवर सुरुवात करून चाकणला शेड उभी केली. शोरूमवाल्याशी तीन दिवस घासाघीस करून नव्या गाडीवर मॅट, सीट कव्हर आणि डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा फुकट घेतला. अशा माझ्या गाडीच्या पूजेत या माणसानं खोडा घातला.

बॉनेटवर स्वस्तिक काढून झालं होतं. चारी चाकांखाली लिंबं होती. शेजारच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर आरतीचं पितळी ताट. आता लिंबं चिरडतील एवढीच गाडी पुढे घ्यायची. लिंबू चिरडायला कोणी पट्टा लावतं का?

शिट्टी वाजली. "पट्टा! आणि मावशींच्या मांडीवरचं ताट काढा."

"ढोबळे, मुहूर्त निघून चाललाय!"

"जाऊ द्या. दुसरा येईल."

त्यांनी स्वतःच दार उघडलं, ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं आणि आईच्या पैठणीवरून पट्टा आवळला. माझं डोकं फिरलं. "मी लावणार नाही. काय करायचं ते करा!" पुन्हा शिट्टी वाजली आणि मी पाय दाबला. आयुष्यभर क्लचच्या गाड्या चालवलेल्या, ही पहिलीच बिनक्लचची. लिंबं राहिली बाजूला, गाडी उडी मारून समोरच्या खांबावर गेली.

माझा ओठ स्टिअरिंगवर फुटला, पुढच्या दाताचा टवका उडाला. आईच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ, बस. शिट्टीमुळे पाय दचकला, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

ढोबळेंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आईपाशी गुडघ्यावर बसले. "मावशी, मान डावीकडे वळवा."

"वळली की रे बाबा."

"परत एकदा."

तीन वेळा वळवायला लावली.

संध्याकाळी मी सुजलेला ओठ घेऊन त्यांच्या दारात भांडायला गेलो. ते दूध आणायला गेले होते. त्यांच्या पत्नी सुलभाकाकूंनी दार उघडलं. मी त्यांच्या डावीकडे उभा होतो. मला बघायला त्या खांद्यांसकट अख्ख्या वळल्या. त्या अशाच वळतात. मी इतकी वर्षं तो तोरा समजत होतो.

"मंगल कार्यालयाच्या मैदानात झालं," त्या म्हणाल्या. "गाडी लावायची राहिली होती. हेच म्हणाले, पोचलोच आता, सोड पट्टा, मागची आहेराची पिशवी घे. मी मागे वळले आणि दुसऱ्या एकानं त्याची गाडी रिव्हर्स घेतली. धक्का एवढासाच. गाडीला ओरखडा नाही. तेव्हापासून मी गाडीत बसले नाही, आणि त्यांनी चालवली नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती काकूंकडे गेली आणि ठरवूनच आली: गाडी दुरुस्त होऊन आली की काकूंना आळंदीला न्यायचं.

गाडी आली त्या रविवारी काकू तिच्या दाराशी आल्या, दोनदा मागे सरल्या. शेवटी डोळे मिटून पुढच्या सीटवर बसल्या. आई मागे बसली. ढोबळेंनी काकूंचा पट्टा लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. मला वाटलं आता हे बसतील. ते गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे तोंड करून.

"काय हो?" मी विचारलं.

"बाजूनं चाललो तर तिला दिसणार नाही."

आणि ते उलटे चालू लागले. तळहात वर, नजर काकूंवर. मी ब्रेकवर पाय ठेवून गाडी नुसती सरकवत होतो. मागे दोन गाड्या हॉर्न मारत होत्या. मी काच खाली घेऊन त्यांना चार शब्द सुनावले. रॅम्प चढून गेट येईपर्यंत काकूंनी डोळे उघडले होते.

गेटपाशी ढोबळे बाजूला झाले.

"बसा की आता," आई म्हणाली. "मागे जागा आहे."

"नको मावशी, तुम्ही जा. रस्त्यावर शेठ सांभाळतील," ते म्हणाले. "तुम्ही परत आत याल, तेव्हा मी इथं असलो पाहिजे."